आभाळाखालची शाळा



घरात आई फडताळातून तेलाची बरणी काढते तेव्हा लेकीला हमखास सांगते, "पुरवून वापर गं." बाजार पुढच्या बुधवारी, बरणीत तेल एवढे, खाणारी तोंडे इतकी, तेव्हा आज पळी किती भरायची, हा सारा हिशेब त्या एका शब्दात येतो. गेली पस्तीस-चाळीस वर्षे मोठमोठ्या परिषदांतून 'शाश्वत विकास' हा शब्द कानी पडतो आहे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाने त्याचा अर्थ सांगितला तो असा की, आजच्या लोकांनी आपल्या गरजा जरूर भागवाव्या, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येऊ नयेत अशी पाळी आणू नये. अर्थ चांगला आहे. परंतु चौथीतल्या मुलाकडून तो पाठ करून घेतला तर परीक्षेत दोन गुण मिळतील, याहून अधिक काही त्याच्या पदरी पडेल असे मला वाटत नाही. आईचा शब्द मात्र त्याला कळतो, कारण बरणी त्याच्या डोळ्यांपुढे असते आणि तिचा तळ त्याने पाहिलेला असतो.

आता विहिरीचा तळ त्याला कोण दाखवणार? गायरानाचा, टेकडीवरच्या मातीचा तळ कोण दाखवणार? त्यासाठी शाळेने आपल्या चार भिंती सोडून थोडे बाहेर यावे लागते. अशा आभाळाखालच्या शाळेविषयी आज आपण बोलू.

आपला नाशिक जिल्हा या कामाला फार सोयीचा आहे, आणि त्याला या कामाची गरजही फार आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके. इकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला येवला, नांदगाव आणि सिन्नरची पूर्वेकडची गावे. तिकडे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात चौपट अंतर. आणि गंमत पहा, गंमत कसली, दुःखच ते, की चैत्र-वैशाखात टँकरची वाट येवल्यालाही पाहतात आणि पेठेलाही पाहतात. आषाढात जिथे घोंगडी ओली राहून कुबट वास सुटतो, तिथेच मे महिन्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. हे आपण मुलांना तोंडाने सांगितले तर ती ऐकून घेतात आणि विसरतात. मोजायला लावले, तर एखादे पोर विचारते, "गुरुजी, मग आपल्याकडचं पाणी जातं कुठं?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला, की समजावे आपला तास लागी लागला.

पर्यावरणाचे शिक्षण शाळेत सक्तीने द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि २००३ साली त्याची पुन्हा आठवण करून दिली. आपल्या प्राथमिक शाळेत 'परिसर अभ्यास' हा विषय आहे. पुस्तके वाईट नाहीत. पण पुस्तकातला परिसर पुस्तकातच राहतो. मग प्रकल्प येतो. प्रकल्प म्हटला की मुलाचे वडील तालुक्याच्या गावी दुकानात जातात आणि थर्माकोलचे पान, हिरवा कागद, खेळण्यातला वाघ विकत आणतात. थर्माकोलचे जंगल तयार करून आम्ही मुलाला जंगल राखायला शिकवतो आणि ते थर्माकोल परीक्षा झाली की शाळेमागच्या ओढ्यात जाते! झाडे लावण्याचाही एक कार्यक्रम असतो. पाहुणे येतात, छायाचित्र निघते. दरसाल त्याच खड्ड्यात नवे रोप लावणाऱ्या शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. निदान त्या खड्ड्याला तरी चांगले वळण लागले असेल.

मग करावे कसे? शेजारचाच एक दाखला घेऊ. त्र्यंबकचा घाट उतरून मोखाडा, जव्हार ओलांडून पुढे समुद्राकडे गेले की बोर्डी आणि कोसबाड लागते. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी शहरातल्या बालशिक्षणात नाव मिळवले होते. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी काम केले होते. खेड्यात आल्यावर त्यांना दिसले की बालवाडी उघडली तरी मुले येत नाहीत, कारण मुले कामावर असतात. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर जो 'अंगणवाडी' शब्द चालतो, त्यामागे हे अंगण आहे. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. शाळेची घंटा वाजे तेव्हा ती कुठल्या कुठे गेलेली असत. त्यांच्यासाठी निघाली ती कुरणशाळा. गुरे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, झाडाच्या सावलीत बसायचे. खडे, बिया, पाने हीच मोजायची साधने. एखादी गाय दुसऱ्याच्या रानात शिरली तर विद्यार्थी उठून तिला हाकलून परत येणार, आणि शिक्षकाने तोवर थांबायचे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण मला त्यांच्या कामातली एक बाब अधिक मोलाची वाटते. गुरे राखणे हा शिक्षणातला अडथळा आहे असे समजून त्या बसल्या नाहीत. त्या कामाच्या भोवतीच त्यांनी शाळा उभी केली. आता हेही खरे की, कुरणशाळेचा हेतू अक्षर-अंकओळख हा होता. रान हे तिथे वर्गाचे ठिकाण होते. आपल्याला आज एक पाऊल पुढे जायचे आहे. रान हाच धडा करायचा आहे. परदेशातही अशा शाळा आहेत. डेन्मार्कमध्ये १९५० नंतरच्या काळात लहान मुलांच्या वनशाळा निघाल्या आणि त्या युरोपभर पसरल्या. तिथली मुले थंडीवाऱ्यात जंगलात हुंदडतात, चिखलात खेळतात. ते त्यांना हवेच आहे, कारण एरवी त्यांना माती दिसत नाही. आपल्या खेड्यातल्या मुलाला चिखलाची ओळख करून द्यायला नको. त्याला चिखलाचा हिशेब द्यायला हवा.

तेव्हा हिशेबाकडे वळू. पहिला धडा पावसाचा. सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा घ्या. मोकळ्या जागी, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, हालणार नाही असा ठेवा. रोज सकाळी आठ वाजता आत पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढले ते एका मुलाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि डबा पालथा करावा. लगेच एक वाद निघेल. कोणी म्हणेल, मोठ्या तोंडाच्या डब्यात पाऊस जास्त भरेल. उत्तर देऊ नका. शेजारी मोठा आणि लहान असे दोन डबे ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींत पाण्याची उंची सारखीच भरते, हे पाहून वर्गाचे डोळे कसे होतात ते पहा.

यानंतर शाळेचे छप्पर मोजायचे. समजा, छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. येवल्याकडे ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर या छपरावर वर्षात ३०,००० लिटर पाणी पडले. त्यातला पाचवा हिस्सा उडाला, सांडला, पहिल्या पावसाच्या घाणीबरोबर सोडून दिला, असे म्हणा. हाती २४,००० लिटर राहिले. शाळेत मुले ४०. प्यायला आणि हात धुवायला माणशी ५ लिटर, म्हणजे रोज २०० लिटर. हे पाणी १२० दिवस पुरले! येवल्यासारख्या ठिकाणी नुसत्या छपराचे पाणी शाळेच्या वर्षातला निम्म्याहून अधिक काळ पुरते, हे मुलांनी स्वतः फळ्यावर काढले, तर त्याची सर कोणत्या धड्याला येईल? आता तेच छप्पर पेठला नेऊन ठेवा. २,००० मिलिमीटर पावसात हाती ९६,००० लिटर. ४८० दिवसांचे पाणी. मग पेठेत तहान का? मुलेच सांगतील: पडते पुष्कळ, राहत नाही. काळ्या कातळाचे उभे उतार, त्यावर मातीचा पातळ थर, पाणी आले तसे खाली निघून जाते. येवल्याला पाऊस थोडा आहे, पेठेला साठवण थोडी आहे. दुखणे वेगळे, म्हणून औषधही वेगळे. ही गोष्ट मोठ्यांच्या सभेत समजावून सांगायला तास लागतो.

दुसरा धडा विहिरीचा, आणि हा वर्षभर चालणारा आहे. एक चांगली सुती दोरी घ्या, तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. दगड तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची, वर ओढायची, आणि किती गाठी भिजल्या ते मोजायचे. दर पौर्णिमेला हा आकडा शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. येथे एक सूचना कळकळीची आहे. विहिरीला कठडा नसेल तर मुलांना काठावर नेऊ नका. दोरी गुरुजींनी किंवा गावातल्या जाणत्या माणसाने सोडावी, मुलांनी दूर उभे राहून ओल्या गाठी मोजाव्या.

समजा, त्रिपुरी पौर्णिमेला १२ गाठी भिजल्या. मार्गशीर्षात ११, पौषात ९, माघात ६. सातवीच्या मुलांना विचारा, पुढे काय होणार? पहिल्या महिन्यात एक गाठ उतरली, मग दोन, मग तीन. यापुढे महिन्याला तीनच गाठी उतरल्या तरी चैत्री पौर्णिमेला दोरी कोरडी वर येणार. पाऊस तर ज्येष्ठात. मधले दोन महिने काय करायचे? पुस्तकात त्रैराशिकाची गणिते असतात, इतके मजूर इतक्या दिवसांत भिंत बांधतात वगैरे. त्या मजुरांची काळजी कोणाला असते? या गणितातल्या उत्तराची काळजी साऱ्या घराला आहे.

आणि इथे, शिक्षक मित्रहो, थोडे अवघड वळण आहे, ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. भिंतीवरचा आकडा गावभर दिसतो. विहिरीच्या आसपास बोअर झालेल्या असतात. कोणाचा द्राक्षबाग असतो, कोणाचा उन्हाळ कांदा असतो, कोणी प्लॅस्टिकचा कागद अंथरून शेततळे केलेले असते आणि ते पावसाच्या पाण्याने न भरता जमिनीतल्या पाण्याने भरून ठेवलेले असते. एखादे पोर भाबडेपणाने विचारते, "तळं भरलं त्याच पंधरवड्यात गाठी कशा उतरल्या?" तळे कदाचित त्याच्या चुलत्याचे असते, कदाचित शाळा समितीच्या अध्यक्षांचे असते. आपण बदलीवर आलेले शिक्षक, गावात भाड्याच्या खोलीत राहणारे. काय करावे? काही जण म्हणतील, आकडा पुसून टाका, कशाला नसते झेंगट. काही तरुण मित्र म्हणतील, मुलांचा मोर्चा काढा. मला दोन्ही पटत नाही. आकडा पुसू नये, कारण तो खरा आहे. आणि मुलाला त्याच्या बापाविरुद्ध साक्षीला उभे करू नये, कारण बागेवर बापाने कर्ज काढलेले असते आणि त्याच बागेवर त्या मुलाची वही-पुस्तके येतात. आकडा भिंतीवर राहू द्या. मुलाच्या प्रश्नाला "पाणी जमिनीखाली एकच असते, त्याला बांध नसतात" एवढे शास्त्र जरूर सांगा. पुढचे बोलणे मोठ्यांचे आहे आणि त्याची जागा ग्रामसभा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात दरसाल पाऊस किती झाला त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिके घ्यायची ते गाव मिळून ठरवते. मोठी माणसे असे बसू शकतात, हे मुलांना ठाऊक असले तरी पुरे.

वाटून घेण्याचे शिक्षण मात्र मुलांना खेळातून देता येते, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी पद्धत हाताशी आहे. बागलाणच्या मंडळींना मी काय सांगणार? मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फडाचे बंधारे आहेत. ही फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी मानतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मिळून साधारणपणे चार फड. एका फडात एकच पीक, ते दरसाल फिरते. खुबी पुढेच आहे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत थोडीथोडी विखुरलेली. पाणी भरपूर असले तर सगळे फड भिजतात. नदी आटली तर पंच बसून ठरवतात, यंदा अमुक फड कोरडे ठेवायचे. तोटा आला तो सगळ्यांच्या वाट्याला आला, लाभ झाला तो सगळ्यांना झाला. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. पिकाची राखण जागल्या करी आणि या सर्वांवर देखरेखीला हवालदार. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जाई.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी झाल्या, ज्याचा त्याचा ऊस उभा राहिला, आणि पुष्कळ ठिकाणी ही घडी मोडली. काही बंधाऱ्यांवर ती अजून टिकून आहे. जुने ते सगळे सोने असे मी म्हणत नाही. फडातही लहानमोठे होते, पंचांत कोण बसे हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि बायकांना तिथे कोणी बोलावीत नसे. तरीपण वाटपाची युक्ती पक्की होती.

आता खेळ. पटांगणात कुदळीने वीस हात लांब पाट ओढा. त्याच्या कडेने आठ वाफे करा, आठ मुलांना एकेक द्या. वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी सावकाश सोडा आणि मुलांना सांगा, ज्याने त्याने आपले बारे आपण फोडावे. पहिला मुलगा वाफा तुडुंब भरून घेतो, दुसराही घेतो. पाचव्या-सहाव्या वाफ्यापर्यंत पाणी पोचते न पोचते तोच बादली रिकामी होते. शेवटची मुले ओरडतात. वरची मुले म्हणतात, आमचा वाफा वर आहे त्याला आम्ही काय करणार? भांडू द्या, पाच मिनिटे भांडू द्या. मग जमीन मोडून पुन्हा आखा. पाटाखाली चार फड करा आणि प्रत्येक फडात आठही मुलांचा एकेक छोटा वाफा ठेवा. एका मुलीला पाटकरीण नेमा. तिच्याखेरीज कोणी बारे फोडायचे नाही. आणि या वेळी पाणी मुद्दाम एकच बादली द्या. मुलांना सांगा, दुष्काळ आहे, काय ते ठरवा. बहुधा ती बराच वेळ काथ्याकूट करतात आणि शेवटी दोन फड भिजवून दोन कोरडे ठेवतात. पाणी निम्मे, पण रिता वाफा घेऊन रडत बसलेले कोणी नाही. यानंतर गुरुजींनी फार बोलू नये असे माझे मत आहे. एवढेच विचारावे, "पहिल्या खेळात शेवटच्या वाफ्यावर तू असतास तर?"

दिंडोरी-निफाडकडच्या शाळांना हाच धडा मोठ्या आकारात पाहायचा असेल तर वाघाड धरण आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि त्यांच्या सोबत्यांनी, १९९० नंतर तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि आपसात वाटायचे, शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचे, हे काम शेतकरी स्वतः करू लागले. मुलांना तिथे न्या आणि पाटकऱ्याला प्रश्न विचारू द्या.

माती आणि गवत यांचा धडा सोपा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पत्र्याचे दोन जुने पन्हळ घ्या. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवताचे थोबे मुळांसकट बसवा. खाली वीट लावून सारखा उतार द्या. दोन्हींवर एकेक लोटा पाणी झारीने घाला आणि खाली येणारे पाणी पेल्यात धरा. एका पेल्यात चहा, दुसऱ्यात जवळजवळ नितळ पाणी. मग गायरानात दहा हात लांब, दहा हात रुंद तुकड्याला काटेरी फांद्यांचे कुंपण घालून तो एक पावसाळा राखा. भाद्रपदात आतले गवत आणि बाहेरचे गवत मुलांनी डोळ्यांनी पाहावे. मारवेल, पवन्या, कुसळी ही नावे गुराखी मुलाला गुरुजींपेक्षा चांगली ठाऊक असतात. त्या तासाला तोच गुरू. गवताने बी धरून ते खाली पडेपर्यंत कापू नये, म्हणजे पुढच्या सालचे बियाणे जमिनीतच राहते. ही गवताची बरणी. आणि राखलेला तुकडा गुरांना कधी उघडायचा, ते मुलांनी ठरवावे. उशिरा उघडला तर गवताचे सरमट होते, लवकर उघडला तर बी जाते.

हा पन्हळीचा प्रयोग ज्यांनी केला त्यांनी मग निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वी शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला. वरच्या रानांतली माती वाहून आली, बंधाऱ्यात गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. २०२०च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. आता मुलांना पेचात टाका: गाळ वाईट की चांगला? शेतकऱ्याची माती गेली, धरणाचे पोट भरले, पक्ष्यांना घर मिळाले. एका ओळीत उत्तर येत नाही, आणि मुले घरी जाईपर्यंत वाद घालतात. तसेच रामशेजच्या शेजारी बोरगड आहे. २००८ साली ते राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाले. सहल म्हणून जाऊ नका. सहलीत खाऊच्या पुड्या फार आणि डोळे थोडे. आधी आपल्या गावचा डोंगर मोजून झालेला असेल तरच दुसऱ्याचा डोंगर पाहण्यात अर्थ आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे करायला वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम पुरा करायचा, माहितीचे तक्ते भरायचे, वर निवडणुकीचे काम. खरे आहे. म्हणून मी आठवड्यातून दोनच तास मागतो, आणि तेही गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे. पाऊस वाचायला सकाळची पाच मिनिटे लागतात. पाण्याचा हिशेब हा गणिताचाच तास आहे, आणि खेळानंतर मुलांनी लिहिलेल्या दहा ओळी हा मराठीचा. ऊन, साप, विंचू यांची भीती रास्त आहे. सकाळचीच वेळ घ्यावी, पायांत वहाण असावी, शाळेपासून दोनशे पावलांपलीकडे एरवी जाऊ नये.

पालकांचा आक्षेप निराळा असतो. ते म्हणतात, "गुरुजी, रानात काय करायचं ते आम्ही शिकवतो. तुम्ही त्याला रानातून बाहेर पडायचं शिकवा." या बोलण्यात मोठी व्यथा आहे, तिला हसू नये. कांद्याचा भाव पडतो, गारपिटीने द्राक्षे जातात, आणि बापाला वाटते की पोराने हे भोगू नये. त्यांना इतकेच दाखवावे की, विहिरीच्या गाठींवरून चैत्राचे पाणी काढणारा मुलगा उद्या शहरात गेला तरी त्या गणितावर त्याचे अडणार नाही. आणि गावी राहिलाच, तर बोअर आणखी शंभर फूट खाली न्यावी की पीक बदलावे, हे ठरवताना त्याच्या हाती दहा वर्षांचे आकडे असतील. आज आपल्यापैकी कितीजणांच्या हाती ते आहेत?

गावकऱ्यांकडे माझे मागणे लहान आहे. शाळेजवळ चार-पाच गुंठे पडीक जागा मुलांना वापरू द्यावी. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाने महिन्यातून एकदा येऊन, पूर्वी ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, विहिरीला पहिले पाणी किती हातांवर लागले होते, उंबर कुठे होते, ते सांगावे. ज्यांनी हे पाहिले ती माणसे थकत चालली आहेत. मुलांनी ते वहीत उतरून घ्यावे. आजीबाईंनाही बोलवावे. नागली-वरईचे, वालाचे बी राखेत घालून मडक्यात कसे ठेवत, ते त्यांनाच येते.

मृग लागण्याआधी डबा मांडावा. कुंपणासाठी बोरी-बाभळीच्या फांद्या वैशाखातच आणून ठेवाव्या, पावसात मिळत नाहीत. दोरीचा पहिला आकडा त्रिपुरी पौर्णिमेला लिहावा, आणि भिंतीवर रंग देताना तेवढी जागा सोडायला रंगाऱ्याला बजावून ठेवावे. कारण नव्या रंगात जुने आकडे गेले असे फार ठिकाणी होते. तेच आकडे एका वहीतही उतरून ठेवावे. आपली बदली झाली तर वही, डबा आणि गाठींची दोरी सहीनिशी नव्या गुरुजींच्या ताब्यात द्यावी, आणि जाण्यापूर्वी एकदा त्यांच्या देखत विहिरीत सोडून दाखवावी.